कारखान्याची जर्सी : प्यूजोच्या सायकलसंघाची कहाणी

चंदीगड शहराची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए ह्या वास्तुशिल्पज्ञाने रस्त्यांचे सात वर्ग कल्पिले होते. दूरच्या शहरांना जोडणारा महामार्ग हा पहिला वर्ग, तर हिरव्या पट्ट्यांमधून जाणारी पायवाट हा सातवा. ह्या सात वर्गांत पुढे आठव्याची भर पडली, ती सायकलींसाठी राखलेल्या वाटांची. चंदीगडपासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर लुधियाना हे सायकलींच्या उद्योगाचे शहर आहे. तेथे मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये हीरो सायकलींचा कारखाना सुरू केला. तीसच वर्षांनी, १९८६ मध्ये, जगात सर्वाधिक सायकली बनविणारा कारखाना म्हणून त्याची गिनेसच्या विक्रमनोंदीत गणना झाली. दक्षिणेस दिल्लीच्या वाटेवर सोनिपत लागते. तेथील ॲटलासचा कारखाना त्याहूनही जुना, म्हणजे १९५१ चा. आखीव रस्ते आहेत, सायकली तर लाखांनी तयार होतात. आणि तरीही ह्या प्रदेशातील एकाही कारखान्याचे नाव छातीवर मिरवणारा व्यावसायिक संघ जागतिक शर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीत कधी उतरला नाही. हे असे का व्हावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर व्यावसायिक सायकलसंघ ही संस्था मुळात का व कशी जन्मास आली, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी युरोपातील एका जुन्या संघाचा इतिहास फार उपयोगी पडतो. योगायोग असा की, चंदीगडच्या शिल्पकाराचे जन्मगाव ला शो-द-फाँ हे स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात आहे, आणि तेथून सरहद्द ओलांडली की फ्रान्सचा जो औद्योगिक मुलूख लागतो, तोच प्यूजो घराण्याचा मुलूख होय. प्यूजो हे नाव मराठी वाचकांस सर्वस्वी अपरिचित नसावे. १९९० च्या दशकात कल्याणच्या प्रीमियर कारखान्यात ह्याच नावाची मोटार काही वर्षे तयार होत असे. परंतु मोटारीच्या कितीतरी आधी ह्या घराण्याने सायकल बनविली होती, आणि सायकल विकण्यासाठी माणसे शर्यतीत उतरविली होती.

कॉफीच्या गिरणीपासून शर्यतीपर्यंत

प्यूजो घराण्याचा मूळ व्यवसाय पोलादाचा. करवतीची पाती, हत्यारे, कॉफी दळण्याच्या हातगिरण्या अशा वस्तू ते बनवीत. सिंहाचे त्यांचे प्रसिद्ध चिन्ह हेदेखील करवतीच्या पात्यांबरोबरच प्रचारात आले. १८८२ मध्ये त्यांनी पहिली सायकल तयार केली. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले, अशी ती जुन्या घडणीची सायकल होती. लवकरच सारख्या चाकांच्या, साखळीवर चालणाऱ्या सायकली आल्या आणि ह्या यंत्राचे रूप पालटले. श्रीमंतांचे खेळणे असलेली वस्तू सामान्य माणसाचे वाहन बनू लागली.

येथे कारखानदारांपुढे एक अडचण उभी राहिली. सायकली बनविणारे पुष्कळ झाले, आणि दुरून पाहिले तर सर्वांच्या सायकली सारख्याच दिसत. आपली सायकल अधिक टिकाऊ आहे हे गिऱ्हाइकाला पटवावे कसे? ह्यावर उपाय सापडला तो लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतींचा. खडबडीत रस्त्यांवर, दिवसरात्र, शेकडो किलोमीटर जी सायकल मोडली नाही, तिच्यासाठी वेगळ्या शिफारसपत्राची गरज नव्हती. वृत्तपत्रांनाही अशा शर्यती हव्या होत्या, कारण शर्यतीची हकिकत वाचण्यासाठी लोक अंक विकत घेत. ‘लोतो’ ह्या क्रीडापत्राने १९०३ मध्ये सुरू केलेली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत ह्या दोन गरजांतून जन्मली. म्हणजे ह्या खेळाच्या उगमाशीच दोन व्यापारी उभे होते. एकाला सायकली विकावयाच्या होत्या, दुसऱ्याला वर्तमानपत्रे.

प्यूजोने ह्या संधीचा लाभ चटकन घेतला. १९०५ मध्ये लुई त्रुसेलिए, १९०६ मध्ये रने पोतिए, तर १९०७ व १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे ल्यूसियाँ पती-ब्रेताँ ह्यांनी प्यूजोच्या सायकलवरून टूर जिंकली. १९०८ मध्ये तर पहिले चारही क्रमांक प्यूजोकडेच गेले. त्यानंतर १९०९ ते १९१२ ही चार वर्षे आल्सियाँ ह्या प्रतिस्पर्धी कारखान्याने गाजविली. १९१३ व १९१४ मध्ये बेल्जियमच्या फिलिप तीसच्या रूपाने यश पुन्हा प्यूजोकडे आले. शर्यतीचा निकाल माणसांच्या नावे लागत असला, तरी वाचक तो कारखान्यांच्या नावानेच वाचू लागले होते.

एकट्याचे बक्षीस, अनेकांचे श्रम

बक्षीस एकाला मिळत असताना संघाची गरज काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा रोध कापण्यात खर्च होते. त्याच्या पाठीशी चाकाला चाक लावून जाणाऱ्याला मात्र हा रोध पुष्कळच कमी जाणवतो. त्याचे श्रम जवळजवळ एकतृतीयांशाने वाचतात. म्हणून ज्याच्यापुढे वारा अंगावर घेणारे चार सोबती आहेत, तो अखेरच्या चढापाशी ताजा पोहोचतो, आणि एकाकी गडी तेथवर येईतो थकून जातो. ह्या साध्या भौतिक सत्यावर सायकलसंघाची सगळी रचना उभी आहे. संघात एक नायक असतो, बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवितात, पाणी आणून देतात, प्रसंगी आपले चाक काढून त्याला देतात आणि स्वतः मागे राहतात.

टूरचा संस्थापक-संपादक आँरी देग्रांज ह्याला ही गोष्ट मुळीच रुचत नसे. त्याच्या मते शर्यत म्हणजे एका माणसाचे बळ आणि त्याची जिद्द ह्यांची कसोटी. १९११ मध्ये मोरिस ब्रॉको नावाच्या खेळाडूने दुसऱ्यासाठी असे श्रम केले, तेव्हा देग्रांजने त्याला हिणवून ‘घरगडी’ म्हटले. दुसऱ्या दिवशी ब्रॉकोने तो टप्पा जिंकून दाखविला. तरीही त्याला शर्यतीतून बाद करण्यात आले. अपमान म्हणून वापरलेला हा शब्द मात्र खेळात कायमचा रुजला. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही संघातील साहाय्यक खेळाडूला फ्रेंच भाषेत ‘घरगडी’ असेच म्हणतात, आणि त्यात आता अवमान नाही. एका कौशल्याच्या कामाचे ते नाव झाले आहे.

मोडलेला काटा

कारखाना आणि खेळाडू ह्यांचे हित एकच आहे, अशी त्या काळी समजूत होती. १९१३ च्या टूरमध्ये घडलेल्या एका प्रसंगाने ती किती अपुरी आहे हे दिसून आले. प्यूजोचा युजेन क्रिस्तोफ त्या वर्षी विजयाच्या आशेने पिरेनीज पर्वतात शिरला होता. तूरमाले घाट उतरत असता त्याच्या सायकलचा पुढील काटा मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने सक्त बंदी होती. नवी सायकलही घेता येत नव्हती. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि सुमारे चौदा किलोमीटर पायपीट करून तो सेंत-मारी-द-काँपाँ ह्या गावी पोहोचला. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हातांनी काटा जोडला. शर्यतीचे अधिकारी जवळ उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे भट्टीचा भाता त्याने एका लहान मुलाला ओढावयास लावला. एवढ्यावरून परकी मदत घेतल्याचा ठपका येऊन त्याला दंडाची मिनिटे लागली. विजयाची आशा तर भट्टीवर गेलेल्या तासांतच संपली होती.

ही कथा फ्रान्समध्ये चिकाटीचा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला दुसरीही एक बाजू आहे. काटा मोडला तो प्यूजोच्या सायकलचा, दंड भोगला तो क्रिस्तोफने. आणि त्या वर्षीची टूर जिंकली ती फिलिप तीसने, म्हणजे पुन्हा प्यूजोनेच. एक खेळाडू बुडाला तरी कारखाना तरतो, कारण त्याचे पैसे एकाच माणसावर लागलेले नसतात. संघ ह्या संस्थेचे बळ येथे दिसते, आणि तिच्यातील विषमताही. टूर एकदाही न जिंकता क्रिस्तोफची कारकीर्द संपली.

१९१४ ची टूर २६ जुलै रोजी संपली आणि आठवडाभरात युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. पती-ब्रेताँ १९१७ मध्ये युद्धसेवेत असताना मोटार-अपघातात मृत्यू पावला. १९०९ च्या टूरचा विजेता आणि पुढे प्यूजोकडून धावलेला फ्राँस्वा फाबेर १९१५ मध्ये रणांगणावर पडला. युद्ध संपले तेव्हा कारखान्यांपाशी पुरेसे रबर नव्हते, पोलाद नव्हते, पैसाही नव्हता. म्हणून प्यूजोसह अनेक कारखानदारांनी एकत्र येऊन काही वर्षे ‘ला स्पोर्तिव्ह’ ह्या एकाच नावाखाली खेळाडू उतरविले. सर्वांच्या जर्सी सारख्याच करड्या असत. आघाडीवरच्या खेळाडूला पिवळी जर्सी देण्याची प्रसिद्ध प्रथा सुरू झाली ती ह्याच काळात, १९१९ मध्ये. पुढे कारखाने पुन्हा वेगळे झाले, आणि १९२२ मध्ये फिर्माँ लाँबो ह्याने प्यूजोला आणखी एक टूर जिंकून दिली.

देशाची जर्सी आणि कारखान्याची जर्सी

कारखानदार आपापसांत संगनमत करून शर्यतीचा निकाल ठरवितात, हा देग्रांजचा संशय दिवसेंदिवस बळावत गेला. १९३० मध्ये त्याने टूरमधून कारखान्यांचे संघच काढून टाकले. त्यांच्या जागी फ्रान्स, इटली, बेल्जियम असे राष्ट्रांचे संघ आले. सायकलीदेखील कारखान्याच्या नावाविना, एकाच पिवळ्या रंगाच्या देण्यात आल्या. ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली. तिच्यातील विसंगती मात्र उघड होती. खेळाडूला वर्षभर वेतन द्यावयाचे कारखान्याने, आणि वर्षातील सर्वांत मोठ्या शर्यतीत त्याने धावावयाचे देशासाठी. अकरा महिने ज्याच्या विरुद्ध लढावयाचे, त्याच्यासाठीच बाराव्या महिन्यात वारा अडवावयाचा. आणि उलट, ज्याच्या पगाराचा धनी आपला तोच आहे, त्याला दुसऱ्या देशाचा म्हणून प्रतिस्पर्धी मानावयाचे.

दरम्यान सायकल-उद्योगाचीच अवस्था बिकट होत चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील कामगार आधी स्वयंचलित दुचाकीवर आणि मग छोट्या मोटारीत बसू लागला. सायकलींचा खप घटला, तसा संघांवर खर्च करण्यासाठी कारखान्यांपाशी पैसा उरेना. ह्या कोंडीतून वाट काढली ती इटलीच्या फिओरेंझो माग्नीने. १९५४ मध्ये त्याने निव्हिया ह्या अंगाला लावण्याच्या मलमाच्या कंपनीचे नाव जर्सीवर घेतले. सायकलशी काडीचाही संबंध नसलेला व्यापारी खेळात आला, आणि त्याच्यामागून इतरांची रीघ लागली. प्यूजोनेही तेल आणि टायर ह्यांच्या कंपन्यांशी भागीदारी केली. १९६० च्या दशकातील संघाचे नाव प्यूजो–बीपी–मिशलँ असे होते. बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकडीची जी जर्सी पुढे प्यूजोची ओळख बनली, ती १९६३ पासूनची. १९६२ मध्ये टूरने कारखान्यांच्या संघांना पुन्हा दार उघडले होते. केवळ १९६७ व १९६८ अशी दोन वर्षे राष्ट्रांचे संघ परत आले.

नेमक्या ह्याच १९६७ मध्ये प्यूजोच्या वाट्याला सुख आणि दुःख दोन्ही आले. प्यूजोच्या करारातील रोजे पँजाँ ह्याने फ्रान्सच्या संघातून टूर जिंकली, आणि प्रतिस्पर्धी कंपनीचा रेमाँ पुलिदोर त्याच्यासाठी राबला. त्याच शर्यतीत १३ जुलै रोजी माँ व्हाँतू ह्या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर, भर उन्हात, टॉम सिम्प्सन कोसळला आणि गतप्राण झाला. हा इंग्रज खेळाडू प्यूजोच्या संघाचा एक नायक होता. १९६५ मध्ये त्याने जागतिक अजिंक्यपद मिळविले होते. मृत्यूसमयी त्याच्या अंगावर ब्रिटनची जर्सी होती. शवपरीक्षेत उत्तेजक द्रव्य आढळले. त्या काळी व्यावसायिक खेळाडूचे करार थोड्या मुदतीचे असत आणि पुढील करार मागील निकालांवर ठरे. आजारपणातही सायकलवरून न उतरण्याचा त्याचा हट्ट ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न हा केवळ व्यक्तीच्या नीतीचा नसून तिच्या चरितार्थाचाही आहे, ही जाणीव ह्या मृत्यूने खेळाला दिली. ती पुरती पचली मात्र नाही.

एका नायकाचे येणे-जाणे

१९६६ मध्ये एदी मेर्क्स हा विशीतला बेल्जियन तरुण प्यूजोत आला. त्याने लागोपाठ दोन वर्षे मिलान–सान रेमो ही नामांकित शर्यत जिंकली, आणि १९६७ मध्ये जागतिक अजिंक्यपदही मिळविले. परंतु प्यूजोच्या संघात नायक अनेक होते. त्यातील प्रत्येकाची महत्त्वाकांक्षा स्वतंत्र होती. १९६८ मध्ये मेर्क्स इटलीच्या फाएमा ह्या कॉफीयंत्रांच्या कंपनीकडे गेला. तेथे त्याच्याभोवती, त्याच्याचसाठी सारा संघ बांधण्यात आला. पुढील काही वर्षांत त्याने पाच वेळा टूर जिंकली. सायकल बनविणाऱ्या कारखान्याला जे जमले नाही, ते कॉफीयंत्रे आणि पुढे मांसाचे पदार्थ विकणाऱ्यांनी करून दाखविले. खेळाची मालकी आता सायकलवाल्यांच्या हातून निसटत होती.

तथापि प्यूजोची घटका अजून भरली नव्हती. १९७५ मध्ये बेर्नार तेवने ह्या शेतकरी कुटुंबातील फ्रेंच खेळाडूने प्रा-लूच्या चढावर मेर्क्सला मागे टाकले. त्या दिवसानंतर मेर्क्सच्या अंगावर टूरची पिवळी जर्सी पुन्हा कधी चढली नाही. तेवनेने ती टूर जिंकली आणि १९७७ मध्ये पुन्हा एकदा तो विजयी झाला. प्यूजोच्या खेळाडूंचे हे टूरमधील दहावे आणि अखेरचे विजेतेपद. पुढे तेवनेने आपण कॉर्टिझोनचा वापर करीत होतो अशी जाहीर कबुली दिली. व्हाँतूवरील मृत्यूनंतर दहा वर्षे लोटली होती, पण प्रश्न तेथेच होता.

अखेरच्या दशकात ह्या संघाने एक निराळे काम केले. पॅरिसच्या उपनगरातील बुलोन-बियाँकूर येथील हौशी मंडळाच्या वाटेने इंग्रजी बोलणारे तरुण प्यूजोत येऊ लागले. आयर्लंडचा स्टीफन रोश, स्कॉटलंडचा रॉबर्ट मिलर, ऑस्ट्रेलियाचा फिल अँडरसन ही त्यातील ठळक नावे. १९८१ मध्ये अँडरसनने पिवळी जर्सी मिळविली. युरोपबाहेरच्या खेळाडूला हा मान प्रथमच लाभला. १९८४ मध्ये मिलरने पर्वतांच्या राजाचा किताब पटकावला. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याच जातीचा हा मान होय. १९८३ मध्ये पास्काल सिमाँ खांद्याचे हाड मोडले असताना पिवळी जर्सी घालून सहा दिवस शर्यतीत टिकून राहिला. सोबती त्याला सांभाळून नेत होते. ‘घरगडी’ ह्या शब्दामागे किती माणुसकी असू शकते, हे त्या सहा दिवसांत दिसले.

१९८६ च्या अखेरीस प्यूजोने मुख्य प्रायोजकत्व सोडले. संघ मात्र संपला नाही. रोजे लजे ह्या व्यवस्थापकाच्या हाताखाली तो मुलांचे कपडे विकणाऱ्या ‘झेड’च्या नावाने धावू लागला, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने त्याला टूर जिंकून दिली. त्यानंतर गान ही विमा कंपनी आली, तिच्यामागून क्रेदी आग्रिकोल ही बँक. २००८ अखेर बँकेने हात आखडता घेतला, नवा धनी मिळाला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेली ही परंपरा खंडित झाली. ज्या संघापाशी स्वतःचे मैदान नाही, तिकिटांचे उत्पन्न नाही, त्याचे आयुष्य शेवटी धन्याच्या मर्जीएवढेच असते.

लुधियानाचा मार्ग वेगळा का ठरला

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. प्यूजोला संघाची गरज भासली, कारण आपली सायकल इतरांहून सरस आहे हे त्याला जगास दाखवावयाचे होते. लुधियाना आणि सोनिपतच्या कारखान्यांपुढे ही अडचण त्या स्वरूपात कधी आली नाही. भारतात सायकल हे दीर्घकाळ कष्टकऱ्याचे वाहन राहिले. दूधवाला, टपालवाला, गिरणीकामगार, शाळामास्तर ह्यांना वेगवान सायकल नको होती. पाठीमागे ओझे पेलणारी, कोठेही दुरुस्त होणारी आणि परवडणारी सायकल हवी होती. अशी सायकल खपविण्यास डोंगरचढाच्या शर्यतीचा काही उपयोग नव्हता. मागणी दारात उभी असता जाहिरातीसाठी माणसे धाववावयाची कोणी?

मग भारतातील सायकलपटूचे पोट कोणी भरले? ते काम रेल्वे, सेनादले आणि पोलीस ह्यांनी केले. राष्ट्रीय स्पर्धांत राज्यांच्या बरोबरीने रेल्वेचे आणि सेनादलांचे संघ उतरतात, ते ह्यामुळेच. येथे खेळाडूला करार नव्हे, नोकरी मिळते. पाय थकले तरी ती टिकते, निवृत्तिवेतन देते. सिम्प्सनला जी धास्ती होती ती येथील खेळाडूला नसते. उलट पक्षी, वर्षभर देशोदेशी शर्यती, तज्ज्ञ यंत्रकार, वैद्य, आणि एका नायकासाठी राबण्याची शिकवण देणारा संघ हेही त्याला लाभत नाही. एका व्यवस्थेत वेग आहे पण उद्याची शाश्वती नाही; दुसरीत शाश्वती आहे, पण जगाच्या शर्यतीत उतरण्याइतका वेग नाही.

परिस्थिती आता पालटत आहे. साहिबाबादचा ॲटलासचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. त्याआधी २०१५ मध्ये हीरोने फायरफॉक्स ही महागड्या सायकलींची कंपनी विकत घेतली होती. सायकल हे गरजेचे वाहन न राहता पुन्हा आवडीची वस्तू होऊ लागली आहे. प्यूजोच्या आरंभकाळी फ्रान्समध्ये नेमके ह्याच्या उलट घडत होते. आवडीची वस्तू विकण्यासाठी नाव लागते, आणि नावासाठी जर्सी. तेव्हा उद्या पंजाबातील एखाद्या कारखान्याने आपला संघ उभा केला तर नवल वाटावयास नको. त्या वेळी पती-ब्रेताँ किंवा तेवने ह्यांच्या विजयांबरोबरच क्रिस्तोफच्या मोडलेल्या काट्याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. काटा मोडल्यावर चौदा किलोमीटर कोणी चालावयाचे, हे करारात आधीच लिहिलेले असावे.